वाढतं कोण, ते आधी विचारा

आमच्या राजापेठेत कुणी बाहेरगावी जाऊन आलं, की 'काय पाहिलं?' असा प्रश्न त्याला सहसा कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न असतो, 'जेवणाची सोय कशी होती?' चारधाम करून आलेल्यालाही हाच प्रश्न आणि सिंगापूर पाहून आलेल्यालाही हाच. बाहेरच्यांना याचं हसू येतं. मला येत नाही. परक्या गावानं आपल्याला कसं वागवलं, हे ताटावरून जितकं कळतं तितकं तिथल्या इमारतींवरून कळत नाही.

त्यामुळे गेल्या काही वर्षांत क्रूझच्या, म्हणजे त्या अवाढव्य प्रवासी बोटींच्या, दोन सफरी करून आलेला मी आमच्या गल्लीत आपोआप तज्ज्ञ ठरलो आहे. कुणाच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस येतो, कुणाचा मुलगा पुण्याहून तिकिटं पाठवतो, आणि मग संध्याकाळी उड्डाणपुलाच्या बाजूला फिरायला निघालेल्या मला थांबवून विचारलं जातं, "सर, खायला कोणती बोट चांगली?" हातात एजंटानं दिलेलं रंगीत पुस्तक असतं. त्यात किती मजले, किती उपाहारगृहं, किती देशांचे पदार्थ, याचे आकडे असतात. लोक दोन पुस्तकं शेजारी ठेवतात आणि आकडे जुळवून पाहतात. ज्याचे आकडे मोठे, ती बोट चांगली!

हा हिशेब चुकीचा आहे, असं माझं मत आहे. ते का झालं, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आम्हा वऱ्हाडी माणसांना समुद्राची सवय नाही. तो आमच्यापासून साडेसहाशे किलोमीटरहून अधिक लांब. अमरावती एक्सप्रेसमध्ये रात्र काढावी, तेव्हा सकाळी मुंबई. कोकणातल्या माणसाला बोट म्हणजे गावी जाण्याचं साधन होतं. मुंबईहून कोकणच्या बंदरांना लागत गोव्याकडे जाणाऱ्या बोटींवर त्यांच्या कित्येक पिढ्यांनी डेकवर वळकटी पसरून आणि घरून आणलेली दशमी खाऊन प्रवास केला. मौजेसाठी बोटीवर राहायचं आणि तिथंच जेवायचं, ही कल्पना आपल्याकडे बरीच अलीकडची. २००५ मध्ये स्टार क्रूझेसची 'सुपरस्टार लिब्रा' मुंबईत आली. २०१६ च्या अखेरीस इटलीच्या कोस्टा कंपनीनं मुंबईहून मालदीवची सफर सुरू केली. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' आली. २०१९ मध्ये 'कर्णिका' आली आणि करोनाच्या साथीत २०२० मध्ये भंगारात गेली. २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' सुरू झाली. 'कर्णिका' काय किंवा 'एम्प्रेस' काय, दोन्ही १९९० साली परदेशी कंपन्यांसाठी बांधलेल्या आणि तिकडे आयुष्य काढून आपल्याकडे आलेल्या बोटी. तात्पर्य, हा व्यवसाय आपल्याकडे नवा आहे आणि त्यातलं बरंवाईट पारखण्याची आपली नजरही नवी आहे.

आमच्या दोन्ही सफरी परदेशी बंदरांतून सुटणाऱ्या बोटींवर झाल्या. त्यांची नावं मी मुद्दाम सांगत नाही. पहिल्या वेळी धाकट्या भावानं सगळ्यांची तिकिटं काढली. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मधुमेहाची गोळी, शुद्ध शाकाहार, अंडंसुद्धा वर्ज्य. बंदरावर आम्ही अकरा वाजता पोहोचलो. रांग, कागदपत्रं, पुन्हा रांग. आईनं नेहमीच्या वेळी गोळी घेतली. कारण भावानं सांगितलं होतं, बोटीवर पाऊल ठेवलं की समोर जेवण. बोटीवर पाऊल ठेवलं तेव्हा पावणेदोन झाले होते. जेवणाच्या दालनात आमच्या अंबादेवीच्या यात्रेला असते तशी गर्दी. कुठं बसायला जागा नाही, आणि कोणत्या पदार्थात काय आहे ते सांगायला कुणी नाही. एका पोऱ्याला विचारलं, तर त्यानं पलीकडच्या टेबलाकडे बोट दाखवलं. पलीकडच्यानं आणखी पलीकडे. तेवढ्यात सुरक्षेच्या कवायतीसाठी सगळ्यांनी जमावं, अशी घोषणा झाली.

आई एका खांबाला टेकून उभी होती. "मले काही नको, बाप्पा. तुम्ही जेवून घ्या," एवढंच म्हणाली. पण तिचे हात थरथरत होते आणि कपाळावर घाम होता. साखर उतरली होती. सौ.च्या पिशवीत राजगिऱ्याचे लाडू निघाले म्हणून निभावलं. दहा मिनिटांनी आई सावरली. मी मात्र अजून सावरलेलो नाही. त्या दालनात सत्तर-ऐंशी पदार्थ तरी मांडलेले असतील, आणि तिथं माझी आई उपाशी उभी होती.

पुढचे तीन दिवस ती पाव आणि दही खाऊन राहिली. विचारलं, की "झालं माझं" म्हणायची.

दोन वर्षांनी दुसरी सफर ठरली तेव्हा ती यायलाच तयार नव्हती. कशीबशी आली. ही बोट लहान, जुनी, आणि पुस्तकातले आकडे निम्मे. पण इथं रात्रीच्या जेवणाला ठरलेलं टेबल होतं आणि रोज तोच वाढपी. फिलिपाइन्सचा, तिशीतला. पहिल्या रात्री त्यानं पाहिलं, की आजीबाईंनी ताटातलं काहीच खाल्लं नाही. दुसऱ्या रात्री आम्ही बसायच्या आत साधा भात, पातळ वरण आणि लिंबाची फोड तिच्यासमोर गरम गरम आली. कुणी मागितलं नव्हतं. तो तिला 'मामा' म्हणायचा. त्याच्या लेखी ते आईला हाक मारणं. आमच्या कानांना मात्र मामाच! आई हसून बेजार व्हायची. तिसऱ्या रात्री तिनं स्वतःहून भात मागून घेतला.

या दोन अनुभवांतला फरक कशामुळे पडला, यावर मी पुष्कळ विचार केला. पहिल्या बोटीवरची माणसं वाईट होती का? मुळीच नाही. त्या बोटीवर खाण्याची सगळी भिस्त मांडून ठेवलेल्या जेवणावर होती. तिथं तुम्ही रोज हजारोंतले एक. तुम्ही काल काय खाल्लं नाही, हे आज कुणाला कसं ठाऊक असणार? दुसऱ्या बोटीवर एका माणसाकडे ठरावीक टेबलं होती, म्हणून त्याला पाहायला सवड होती. जुन्या बोटींची हीच पद्धत होती. अमेरिकेच्या नॉर्वेजियन कंपनीनं २००० साली 'हवं तेव्हा, हवं तिथं जेवा' असा प्रकार रूढ केला, आणि मग इतर कंपन्यांनीही ठरलेल्या टेबलाला तसे पर्याय दिले. स्वातंत्र्य वाढलं हे खरं; तरुण मंडळींना तेच आवडतं. पण त्या स्वातंत्र्यात ओळखीचा वाढपी हरवतो, आणि त्याची झळ लागते ती मागायला संकोचणाऱ्या माणसाला.

या कंपन्यांचा धंदा कसा चालतो, हेही समजून घेतलं पाहिजे. कार्निव्हल, रॉयल कॅरेबियन, नॉर्वेजियन, एमएससी, कोस्टा या सर्वसामान्यांसाठीच्या कंपन्या. तिकिटाचा दर शक्यतो कमी ठेवायचा आणि माणूस बोटीवर आला की वरकड खर्चातून कमवायचं, ही साधारण रीत. मुख्य भोजनगृह आणि मांडलेलं जेवण तिकिटात. खास उपाहारगृहं, मद्य, बाटलीबंद पेयं यांचे पैसे वेगळे. पूर्वी खोलीत मागवलेलं जेवण सर्रास फुकट असे. नॉर्वेजियननं २०१५ मध्ये आणि रॉयल कॅरेबियननं २०१७ मध्ये त्यावर आकार बसवला. शिवाय सेवेची बक्षिसी. अमेरिकी बोटींवर ती हल्ली माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर होते आणि बिलात आपोआप लागते. चार माणसांच्या कुटुंबाला पाच दिवसांत ही रक्कम तीनशे-चारशे डॉलरवर जाते. म्हणून पुस्तकात वीस उपाहारगृहं दिसली, तर त्यातली किती तिकिटात आहेत, हे आधी विचारा. वीसाची पाच व्हायला वेळ लागत नाही.

आता त्या वाढप्याकडे वळू. २०२४ साली आलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या प्रचंड बोटीवर दोघांमागे एक खोली धरली तर ५,६१० प्रवासी आणि २,३५० कर्मचारी. म्हणजे सव्वादोन-अडीच प्रवाशांमागे एक माणूस. ऐकायला चैन वाटते. पण यात इंजिनातले, डेकवरचे, धुलाईखान्यातले, खोल्या आवरणारे सगळे आले. पानापर्यंत येणारे हात त्या मानानं थोडेच. समुद्रावरच्या श्रमिकांसाठी २००६ साली आंतरराष्ट्रीय करार झाला. तो २०१३ मध्ये अमलात आला आणि भारतानंही तो स्वीकारला आहे. त्यात कामाची मर्यादा काय असावी? दिवसाला १४ तास आणि आठवड्याला ७२ तासांपर्यंत काम चालतं! तेही महिनोन् महिने, घरापासून दूर. गोव्यातल्या आणि कोकणातल्या किती तरी घरांच्या चुली या नोकऱ्यांवर पेटल्या आहेत. पहिल्या बोटीवर ज्या पोऱ्यानं मला पलीकडे बोट दाखवलं, तो त्या दिवशी पहाटेपासून उभा असेल. त्या क्षणी मला त्याचा राग आला होता. आज वाटतं, त्याच्याकडे चार टेबलं कमी असती तर त्यानंही आईकडे पाहिलं असतं.

चवीपेक्षा स्वच्छता मोलाची, कारण बोटीवर एकाचं पोट बिघडलं तर शंभरांचं बिघडायला वेळ लागत नाही. अमेरिकेत १९७५ पासून यासाठी एक सरकारी व्यवस्था आहे. परदेशांतून त्यांच्या बंदरांत येणाऱ्या प्रवासी बोटींवर अधिकारी न कळवता येतात. गरम अन्न ५७ अंशांच्या वर आहे का, थंड अन्न ५ अंशांच्या आत आहे का, पाणी, भांडी, हात धुण्याची सोय, सगळं तपासतात आणि शंभरपैकी गुण देतात. ८६ च्या खाली गेलात, की नापास. मुख्य म्हणजे हे गुण कुणालाही पाहता येतात. पहिलीतल्या पोराचं प्रगतिपुस्तक बाप पाहतो, तसं बोटीचं प्रगतिपुस्तक प्रवासी पाहतो. मुंबई, कोची, चेन्नईहून सुटणाऱ्या बोटींचे असे गुण तिकिटाच्या पहिल्या पानावर छापले गेले पाहिजेत, असं मी आग्रहानं म्हणेन. रोषणाईची छायाचित्रं दुसऱ्या पानावर गेली तरी चालेल.

सगळा दोष कंपन्यांना देऊन मात्र आपल्याला मोकळं होता येणार नाही. विशेष आहाराची मागणी काही आठवडे आधी लेखी कळवावी लागते. आम्ही ती कळवली नव्हती. भाऊ म्हणाला, एजंट कळवेल; एजंटाला वाटलं, भाऊ कळवेल. आणि आपलं बोटीवरचं वागणं? ताटात डोंगर रचायचा, अर्धा टाकायचा, वाढप्याला चुटकी वाजवून बोलवायचं, आणि शेवटच्या दिवशी बक्षिसी बिलातून काढून टाकण्यासाठी रांगेत उभं राहायचं, हे सगळं मी आपल्याच माणसांना करताना पाहिलं आहे. घरी आलेल्या पाहुण्याला तिसरी पोळी आग्रहानं वाढणारे आपण, आपल्याला वाढणाऱ्याचं नावही विचारत नाही.

आपल्याकडच्या भंडाऱ्याची पंगत आठवा. पदार्थ तीन किंवा चार. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, भात. ना खुर्ची, ना काचेची भांडी. पण एक जाणता माणूस कमरेला उपरणं बांधून पंगतीतून सारखा फिरत असतो. त्याच्या हातात काही नसतं. कुणाचं पान रिकामं आहे, कोण संकोचानं हात आखडून बसलं आहे, एवढंच तो पाहतो आणि मागच्या वाढप्याला खूण करतो. पंगत चांगली झाली असं लोक म्हणतात, ते बहुतेक त्या माणसामुळे. बोटीवरही असा माणूस आहे की नाही, ते शोधायचं असतं.

म्हणून हल्ली मला कुणी 'कोणती बोट चांगली?' असं विचारलं, तर मी नाव सांगत नाही. एजंटाला विचारायचे प्रश्न सांगतो. रात्री ठरलेलं टेबल मिळेल का? किती ठिकाणचं जेवण तिकिटात आहे? बक्षिसी धरून एकूण किती होतील? आईवडिलांचं पथ्य लिहून कळवलं, तर त्याची लेखी पोच मिळेल का? स्वच्छतेचे गुण कुठं पाहायला मिळतील? चढण्याच्या दिवशी जेवण किती वाजता मिळेल? आणि काही झालं तरी लाडवांचा डबा हाताजवळच्या पिशवीत ठेवा, सामानात देऊ नका.

आईचं वय आता बरंच झालं आहे. तिसरी सफर होईल असं वाटत नाही. बोटीवरचा समुद्र, नाचगाणी, चकाकणारे जिने, यातलं तिला फारसं काही आठवत नाही. पण परवा रात्री वरण-भात कालवता कालवता ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "आपला तो मामा जेवला असंन का रे या वक्ती?"