निकाल, भोंगे आणि रोजगार: जबलपूरच्या बारावीच्या वर्गापुढील जुना प्रश्न

मध्य प्रदेश माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावी आणि बारावीच्या परीक्षांचे निकाल 6 मे 2025 रोजी सकाळी जाहीर झाले. बारावीचे 74.48 टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्याच रात्री भारतीय सैन्यदलांनी पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमधील नऊ ठिकाणांवर हल्ले केले. पहलगाम येथे 22 एप्रिल रोजी झालेल्या आणि 26 जणांचा बळी घेणाऱ्या दहशतवादी हल्ल्याला दिलेले हे प्रत्युत्तर होते. दुसऱ्या दिवशी, 7 मे रोजी संध्याकाळी, नागरी संरक्षणाच्या देशव्यापी सरावात जबलपूरमध्ये भोंगे वाजले आणि काही मिनिटे दिवे मालवण्यात आले. निकालाचे पेढे संपायच्या आत शहर अंधारात बसले होते.

शाळेचा निरोप घेणाऱ्या वर्गाला मागे वळून पाहण्याचे दिवस एरवी निकालानंतरच मिळतात. या वर्गाकडे पाहण्यासारखे बरेच होते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा ही मुले सातवीत होती. आठवीचे वर्ष त्यांनी जवळजवळ पूर्णपणे घरी बसून, मोबाइलच्या पडद्यासमोर काढले. नववीत ती शाळेत परतली आणि बारावीच्या निकालाच्या दिवशी युद्धाच्या बातम्यांना सामोरी गेली. साथीने सुरू झालेले माध्यमिक शिक्षण सायरनने संपले, असे या पिढीच्या बाबतीत म्हटले तर ते अलंकारिक ठरू नये.

येथे प्रमाणाचे भान मात्र राखले पाहिजे. जबलपूर सीमेपासून शेकडो किलोमीटर दूर आहे. 7 मे रोजी पूंछमध्ये तोफगोळे पडले आणि शाळकरी मुलांचेही प्राण गेले. जम्मू आणि पंजाबच्या सीमावर्ती जिल्ह्यांतील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेथील मुलांनी जे भोगले त्याची तुलना काही मिनिटांच्या सरावाशी होऊ शकत नाही. तरीही जबलपूर हे युद्धापासून अलिप्त शहर नाही. येथे युद्ध सीमेवरून येत नाही, ते कारखान्याच्या पाळीतून घरात येते.

मदन महलच्या टेकडीवर गोंड राजांच्या काळातील लहानसा किल्ला उभा आहे. पायथ्याशी त्याच नावाचे रेल्वे स्थानक आहे. या किल्ल्याशी जिचे नाव जोडले जाते ती राणी दुर्गावती 1564 मध्ये मोगल फौजेशी लढताना धारातीर्थी पडली. आज टेकडीवरून जे शहर दिसते, त्याच्या पूर्वेकडच्या भागाची घडण मात्र विसाव्या शतकातील युद्धांनी केली. गन कॅरेज फॅक्टरी 1904 पासून आहे. खमरियाचा दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिला. 1962 च्या चीन युद्धानंतर लष्करी वाहनांची निकड जाणवली आणि 1969 मध्ये व्हेईकल फॅक्टरी सुरू झाली. सत्तरच्या दशकात ग्रे आयर्न फाउंड्रीची भर पडली. प्रत्येक मोठ्या लढाईने या शहराला एखादा कारखाना दिला, आणि कारखान्याने येथील मुलांना नोकरी दिली.

शहरातील मराठी कुटुंबांच्या दृष्टीने या इतिहासाला आणखी एक पदर आहे. नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेपासून मराठी माणसांचा या भागाशी संबंध आहे, आणि 1956 पर्यंत नागपूर हीच या प्रांताची राजधानी होती. पुढे खडकी, अंबरनाथ, वरणगाव, भंडारा, चांदा ही आयुधनिर्माणीची गावे आणि जबलपूर एकाच खात्याच्या सूत्रात बांधली गेली. बदलीने आलेल्या वडिलांची मुले हिंदी माध्यमात शिकली, घरी मराठी बोलली, आणि बारावीनंतर वडिलांच्याच कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागण्याकडे डोळे लावून बसली.

मे 2025 च्या पहिल्या आठवड्यात, हल्ल्यांच्या आधीच, खमरिया आणि चांदा येथील कर्मचाऱ्यांच्या दीर्घ रजा रद्द करण्यात आल्या. उत्पादनाचे लक्ष्य गाठणे हे त्यामागचे अधिकृत कारण होते, युद्धाचा उल्लेख त्यात नव्हता. मात्र ज्या घरात आजोबांनी 1971 पाहिले आहे, तेथे अशा आदेशाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

1971 शी तुलना त्या आठवड्यात सर्वत्रच होत होती, कारण एवढ्या व्यापक प्रमाणावरील नागरी संरक्षणाचा सराव त्यानंतर प्रथमच होत होता. जबलपूरसाठी ती तुलना अधिक बोलकी आहे. 1972 मध्ये येथून जो वर्ग बाहेर पडला तो तेव्हाच्या अकरावीचा, म्हणजे हायर सेकंडरीचा होता. त्याच्या शेवटच्या वर्षात, डिसेंबरमध्ये, युद्ध झाले आणि जिंकले गेले. ढाक्यात शरणागती पत्करणारे जनरल नियाझी आणि त्यांचे वरिष्ठ अधिकारी पुढे युद्धकैदी म्हणून जबलपूरच्याच छावणीत होते. 1974 पर्यंत त्यांचा मुक्काम येथे होता. विजयाचा एवढा निकटचा पुरावा भारतातील फार थोड्या शहरांच्या वाट्याला आला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे व्हेईकल फॅक्टरी तेव्हा नवी होती. तेथे लागणाऱ्या मुलाची नोकरी केंद्र सरकारची असे, कायम असे आणि निवृत्तिवेतनासह असे.

2025 च्या वर्गाला यातील काय मिळणार, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर त्या चार दिवसांच्या संघर्षात नाही, त्याआधीच्या दोन दशकांत आहे. 1 जानेवारी 2004 नंतर केंद्राच्या नागरी सेवेत आलेल्यांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली. 1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित झाले आणि देशातील 41 कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. जबलपूरचे चार कारखाने चार वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेले. खमरिया पुण्यातील म्युनिशन्स इंडियाकडे, फाउंड्री नागपूरच्या यंत्र इंडियाकडे, तर उरलेले दोन अन्य दोन कंपन्यांकडे. जुने कर्मचारी प्रतिनियुक्तीवर मानले गेले आणि त्यांची सरकारी सेवा टिकली. नव्याने येणाऱ्याला ती हमी नाही. दारूगोळ्याच्या धोकादायक विभागांत काम करणाऱ्या कामगारांसाठी अलीकडे ज्या जाहिराती निघाल्या, त्यांत ठरावीक मुदतीचे करार होते.

सरकारची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. जुन्या मंडळाच्या कारभारात दिरंगाई आणि दर्जाविषयीच्या तक्रारी होत्या, आणि कंपनी झाल्याने निर्णय लवकर होतील हा युक्तिवाद होता. 2024-25 मध्ये देशाचे संरक्षण उत्पादन सुमारे दीड लाख कोटी रुपयांवर गेले, तो उच्चांक ठरला. काम वाढले आहे यात शंका नाही. कायम जागा त्याच्या बरोबरीने वाढत नाहीत, हे कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्या मुलाला आकडेवारी न पाहताही कळते.

धोका मात्र कमी झालेला नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये खमरियात स्फोट होऊन कामगारांचा जीव गेला. 24 जानेवारी 2025 रोजी भंडाऱ्याजवळील जवाहरनगरच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात किमान आठ जण मृत्युमुखी पडले. तेव्हा बारावीची परीक्षा महिन्यावर आली होती. सैनिकाच्या मृत्यूला देश मान देतो आणि तो योग्यच आहे. त्याच सैनिकासाठी दारू भरणाऱ्या कामगाराचा मृत्यू दोन दिवसांत बातम्यांतून जातो.

दुसरा मार्ग लष्कराचा. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्सची प्रशिक्षण केंद्रे जबलपुरातच आहेत, त्यामुळे भरतीचे आकर्षण येथे जुने आहे. जून 2022 मध्ये घोषित झालेल्या अग्निपथ योजनेने ही सेवा चार वर्षांची केली, आणि त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्के जवानांना कायम करण्याची तरतूद ठेवली. जानेवारी 2023 मध्ये प्रशिक्षणाला लागलेल्या पहिल्या अग्निवीरांची मुदत 2027 च्या आरंभाच्या सुमारास संपते. 2025 च्या वर्गातील जी मुले महाविद्यालयात गेली, ती त्या वेळी पदवीच्या दुसऱ्या वर्षात असतात. वर्गमित्रांपैकी कोणी भरती व्हावे की नाही, याचा निर्णय त्यांना तो अनुभव समोर येण्याआधीच घ्यावा लागला.

युद्धाच्या बातम्यांनी आणखी एक गोष्ट झाकली. परीक्षेला बसलेल्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक विद्यार्थी 6 मे रोजी उत्तीर्ण झाले नव्हते. एरवी आठवडाभर त्याची चर्चा झाली असती. पुरवणी परीक्षेऐवजी जूनमध्ये दुसरी परीक्षा घेण्याची नवी व्यवस्था त्या वर्षी होती, ती कशी असेल हे समजून घेण्यासाठी पालकांना वर्तमानपत्राची आतली पाने शोधावी लागली.

10 मे रोजी संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबवण्याचे ठरले. 13 मे रोजी केंद्रीय मंडळाचे निकाल लागले आणि त्याच दिवशी केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. अर्ज, प्रवेशपत्रे आणि परीक्षा केंद्रांच्या पत्त्यांत हा वर्ग पांगला.