एकट्या डाउनलोडची चाचणी अपुरी

नेटवर्कमधील गर्दी आवरणाऱ्या अल्गोरिदमची पारख एका मोठ्या डाउनलोडच्या वेगावरून होते, हे एका पत्रलेखकाचे म्हणणे अपुरे आहे. आचोळ्यातील आमच्या इमारतीत रात्री व्हिडिओ कॉल, मालिका आणि यूपीआयचे व्यवहार एकदमच चालतात. यातले बरेच डेटाप्रवाह तर वेग धरण्याआधीच संपतात. गर्दीचा प्रश्न जुनाच आहे: १९८६मध्ये बर्कले येथे गर्दीत डेटाची तीच पाकिटे पुन्हापुन्हा धाडली गेल्याने वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४०वर घसरला. व्हॅन जेकबसन यांचा १९८८चा उपाय त्यातूनच निघाला. गूगलचा २०१६मधील बीबीआर हा अल्गोरिदम एकटा असताना देखणा धावतो. राउटरचा बफर लहान असला की तो क्युबिक या दुसऱ्या अल्गोरिदमच्या प्रवाहांना मागे रेटतो, हे मात्र दोघांना एकाच वाटेवर सोडल्यावरच दिसले. म्हणून चाचणीत लहानमोठ्या प्रवाहांची सरमिसळ, बफरचा आकार आणि वाय-फायवरील पाकिटांची गळती बदलून पाहावी लागते. सरासरी वेगासोबत कॉलचा विलंबही मोजावा लागतो.