सोळा चोक चौसष्ट

दिवाळीच्या चार दिवसांत भांडण उकरून काढू नये, अशी आमच्या आईची शिकवण. ती मी पाळली असती तर हा लेख लिहायला बसलोच नसतो. पण वाचकहो, घाबरू नका. चकलीचा तुकडा मोडत निवांत वाचा. भांडण तुमच्याशी नाही, माझ्याच बिरादरीशी आहे. घरातल्या एका कोपऱ्यात संगणक, कीबोर्ड आणि कानाला हेडफोन लावून बसायचे आणि त्यातून सबंध पाश्चात्त्य वाद्यवृंद उभा करायचा, हा उद्योग करणाऱ्या हौशी संगीतकारांची ही बिरादरी. आम्ही दोघे कुठे भेटलो की पहिला प्रश्न ठरलेला : "तो नवा संच घेतलास का? त्यातली व्हायोलिनं अगदी खरी वाटतात!" सहा महिन्यांनी तीच व्हायोलिने खोटी वाटू लागतात आणि पुढच्या संचासाठी पैसे साठवणे सुरू होते. मी आज स्पष्टच सांगतो. त्या संचातली व्हायोलिने खरीच असतात. खोटे वाजवतो ते आपण!

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. खऱ्या वादकाला स्टुडिओत बसवतात आणि त्याच्याकडून एकेक स्वर हळू, जोरात, लांब, तुटक असा वाजवून घेऊन मुद्रित करतात. याला म्हणतात सॅम्पल. तुम्ही कळ दाबली की तो मुद्रित स्वर उमटतो. कल्पना जुनीच आहे. १९६३ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमला मेलोट्रॉन नावाचे वाद्य निघाले. त्याच्या प्रत्येक कळीला टेपची एक पट्टी जोडलेली होती. आठेक सेकंदांत पट्टी संपली की स्वरही संपला. आज ती अडचण उरलेली नाही. व्हिएन्नातल्या एका चेलोवादकाने, हर्ब टुकमांडल याने, २००० साली याच कामासाठी संस्था काढली आणि नुसते स्वर नव्हे, तर एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याची वाटदेखील मुद्रित केली. बीबीसीचा अख्खा सिम्फनी ऑर्केस्ट्रा २०१९ साली असा संच होऊन बाजारात आला. तेव्हा "यंत्रात जीव कुठला?" असे जे म्हणतात त्यांचे मला पटत नाही. गज कोणा जिवंत माणसानेच ओढला आहे. जीव गळतो तो नंतर, आमच्या बोटाखाली.

हे शहाणपण मला घरबसल्या आलेले नाही. आमच्या कॉलनीतल्या हौशी मंडळाच्या नाटकाला मी पार्श्वसंगीत केले होते. शेवटच्या प्रवेशाला खाली संथ व्हायोलिने आणि वर फ्लूट. माझ्या मते डोळ्यांत पाणी यावे असे काम झाले होते! आमच्या मजल्यावर एक अण्णा राहतात. उभी हयात सिनेमाच्या स्टुडिओत व्हायोलिनवाल्यांच्या मागच्या रांगेत बसून काढलेला माणूस. मोठ्या कौतुकाने त्यांना बोलावून ऐकवले. ते डोळे मिटून बसले आणि मध्येच म्हणाले,

"अरे, त्या बासरीवाल्याला आधी डॉक्टरकडे ने. अर्धा मिनिट झालं, श्वास घेतलेला नाही त्यानं."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"व्हायोलिनवाले किती बसवलेस?"

"सोळा, अण्णा. संचात सोळा जणांचा ताफा आहे."

"आणि तू चार स्वर एकदम दाबलेस. दर स्वराला सोळा. सोळा चोक चौसष्ट. तालमीला चहा किती जणांचा सांगू?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा उघडून ऐकू लागलो तेव्हा ध्यानात आले की आपण व्हायोलिन वाजवलेच नव्हते, पेटी वाजवली होती. आपण मराठी माणसे कीबोर्डापाशी पेटीच्या वाटेने येतो. चार पट्ट्या एकदम दाबायच्या, ही हाताची सवय. पेटीत ते शोभते, कारण चारही स्वरांना वारा एकाच भात्याचा. वाद्यवृंदात मात्र प्रत्येक स्वर कोणाचा तरी असतो. वरचा पहिल्या व्हायोलिनवाल्यांचा, मधले दुसऱ्यांचे आणि व्हायोलांचे, खालचा चेलोंचा. प्रत्येकाला आपली वाट असते, आपले थांबणे असते.

गंमत अशी की पेटीतली जी गोष्ट इथे आणायला हवी होती तीच नेमकी आम्ही विसरतो. भाता! पेटीवाल्याचा डावा हात कधी रिकामा नसतो. आमचा मात्र चहाच्या कपाशी असतो. कीबोर्डाच्या डाव्या अंगाला एक चाक असते, शून्यापासून १२७ पर्यंत फिरणारे. त्याने आवाज नुसता मोठा होत नाही. चांगल्या संचात हळू ओढलेल्या गजाचा स्वर मागे सरतो आणि दाबून ओढलेल्याचा पुढे येतो, स्वराचा पोतच पालटतो. कानात सांगितलेली गोष्ट लाउडस्पीकरवर लावली म्हणजे ती हाक होत नाही. हाक मारायला छाती भरून घ्यावी लागते. व्हायोलिनचा लांब स्वर फुगतो, ओसरतो, क्वचित थरथरतो. ते सगळे त्या चाकात आहे, आणि आम्ही ते एका आकड्यावर खिळवून ठेवतो.

दुसरा अपराध कवायतीचा. संगणकाला सांगितले की तो प्रत्येक स्वर ठोक्यावर अचूक आणून बसवतो. सोळा माणसे एका क्षणी, एका जोराने गज टेकवतात, असे कुठे पाहिले आहे? शिवाय तार बोलायला किंचित वेळ घेते; म्हणून संथ स्वर ठोक्याच्या जरा आधी सुरू करावा लागतो, नाहीतर सगळा ताफा उशिरा आल्यासारखा वाटतो. आणि एकच तुटक स्वर भराभर आठ वेळा वाजवला की बंदुकीच्या फैरी झडतात, कारण खरा गज एकदा खाली जातो, एकदा वर. संच करणारे यासाठी एकाच स्वराचे चार-पाच नमुने देतात, ते आळीपाळीने वाजावेत म्हणून. तरी पहिल्या ठोक्याला जोर आणि पुढच्यांना कमी, हे ठरवायचे आपल्यालाच.

"मग सोडून द्या ना हे यंत्र!" असे शुद्धतावादी म्हणतील. त्यांना मी १९४० सालची आठवण देतो. ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली ती, मींड निघत नाही वगैरे कारणे पुढे करून. ती बंदी पुढे तीसेक वर्षे टिकली. पण त्याच पेटीवर गोविंदराव टेंबे आणि पी. मधुकर यांनी मैफली गाजवल्या. वाद्याला काय येत नाही हे ओळखून वाजवणारा माणूस आणि ते ठाऊकच नसणारा माणूस, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

माझा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. मुंबईला वाद्यवृंद म्हणजे काय हे ज्यांनी ऐकवले त्यांत गोव्याची माणसे मोठी. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ रचणारे सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. या गोन्साल्विस यांनी १९५८ साली स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला आणि प्यारेलालना व्हायोलिन शिकवले. शिष्याने १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'त गुरूचे नाव गाण्यात घालून घरोघर पोहोचवले. पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकांत कीबोर्ड आले आणि स्टुडिओतल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या. अण्णांचीही झाली. त्यांच्या पोटावर पाय आला त्याला मी एकटा जबाबदार नाही, हे मला कळते. पण त्यांचे काम आपण घेतले आणि ते काम कसे करतात एवढे विचारायलाही कोणी गेलो नाही, हे मला सलते. नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये २००६ सालापासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया वाजतो. आमच्या बिरादरीतले किती जण तिथे जाऊन गज कसा वळतो ते पाहून आले? तिकिटाला पैसे नसतात, संचाला असतात.

मीही त्यातलाच. नव्या संचासाठी साठवलेले पैसे पाकिटात घालून मी अण्णांच्या दारात उभा राहिलो. सोळांच्या वर एक खरे व्हायोलिन वाजवाल का, म्हणून विचारले. पैसे त्यांनी आधी मोजले, मग खिशात घातले. ते मला फार आवडले. बैठकीच्या खोलीत पंखा बंद करून तीनदा मुद्रण केले. पहिल्यांदा खाली भाजीवाला ओरडला, दुसऱ्यांदा त्यांचा हात कापला, तिसरे ठेवले. त्या एका तारेने मागचे सोळाही माणसात आले. फ्लूटची ओळ मी दोन ठिकाणी तोडली.

"आता जगेल," अण्णा म्हणाले.

नाटकाच्या हस्तपत्रिकेत 'व्हायोलिन' या शब्दापुढे त्यांचे नाव छापून घेतले. उरलेल्या सोळा जणांची नावे मंडळात अजून कोणी विचारलेली नाहीत.