कोठीघरातील तांबूस पाकोळी

दमट हवेच्या दिवसांत कोठीघराच्या भिंतीवर सायंकाळी एखादी इवलीशी पाकोळी स्तब्ध बसलेली दिसते. धान्य व सुकामेवा यांचा व्यापार करणाऱ्याने तिची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

पंख पसरल्यावर तिची रुंदी 16 ते 20 मिलिमीटर भरते. पुढच्या पंखांचा अंगालगतचा तिसरा हिस्सा फिकट राखी-पिवळसर असतो. उरलेला भाग तांब्यासारखा तांबूस व त्यावर काळसर रेघा. ही दुरंगी खूण ध्यानी आली की ओळख चुकत नाही.

1813 साली ह्यूब्नर या जर्मन अभ्यासकाने तिचे शास्त्रीय वर्णन केले. आज तिचे नाव प्लोडिया इंटरपंक्टेला. इंग्रजीत तिला ‘इंडियन मील मॉथ’ म्हणतात. परंतु त्या नावाचा आपल्या देशाशी संबंध नाही. अमेरिकेत मक्याच्या पिठाला ‘इंडियन मील’ म्हणत, त्यावरून 19व्या शतकात एसा फिच यांनी हे नाव दिले.

पाकोळी स्वतः धान्य खात नाही व थोडेच दिवस जगते. मादी मात्र शेकडो अंडी घालू शकते. त्यांतून निघणाऱ्या अळ्या पीठ, शेंगदाणे, बदाम, मनुका खातात आणि रेशमी धागे सोडतात. रव्याला वा पिठाला जाळी धरते ती पुष्कळदा अशाच अळ्यांमुळे.

खरा पेच येथेच आहे. जाळी धरलेला माल चाळून विकला तर ग्राहकाची फसवणूक. विषारी धुरी दिली तर चतुरिंद्रिय जीवांची हिंसा. फेकून दिला तर तोटा आणि अन्नाचा अनादर. म्हणून उपाय एकच, उत्पत्तीच होऊ न देणे. माल कडक वाळलेला असावा. आधी आलेला आधी विकावा, जुन्यावर नवा ओतू नये. पोती भरण्यापूर्वी त्यांच्या शिवणी व फळ्यांच्या फटी तपासाव्यात. अळ्या कोष करण्यासाठी अशाच जागा शोधतात. घरी घट्ट झाकणाचे डबे वापरावेत आणि पीठ बेताचेच दळावे.

दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5 व हिवाळ्यात 7 दिवस सांगितली आहे. या पाकोळीची अंडीही उबेत लवकर व थंडीत उशिरा फुटतात. तेव्हा मर्यादा पाळणारे घर जीवही राखते आणि अन्नही.