सॅलॅमँडरची रेघ

मतदान होण्यापूर्वीच निवडणुकीचा निकाल ठरविता येतो काय? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सिनेटमधील ‘एसेक्स साउथ’ या मतदारसंघाने 1812 साली या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे.

एसेक्स ही बोस्टनच्या ईशान्येची किनारपट्टीवरील काउंटी. सेलम, न्यूबरीपोर्ट या बंदरांतील व्यापाऱ्यांची भिस्त सागरी व्यापारावर होती. 1807 च्या व्यापारबंदीने ते पोळले होते आणि ब्रिटनशी होऊ घातलेल्या युद्धाला त्यांचा विरोध होता. हे फेडरलिस्ट पक्षाचे बळ. मार्बलहेडसारखी मच्छीमारांची गावे मात्र जेफरसन यांच्या रिपब्लिकन पक्षामागे होती. (आजचा रिपब्लिकन पक्ष तो हा नव्हे.) सिनेटचे मतदारसंघ तोवर काउंटीच्या हद्दी धरूनच असत. विधिमंडळातील रिपब्लिकन बहुमताने त्या हद्दी मोडल्या. बोस्टनजवळच्या चेल्सीपासून लिन, मार्बलहेड, अँडोव्हर, हॅवरहिल अशी गावे जोडत सॅलिसबरीपर्यंत एक वाकडातिकडा पट्टा कापून काढण्यात आला आणि न्यूबरीपोर्ट त्याच्या बाहेर ठेवण्यात आले. राज्यपाल एल्ब्रिज गेरी यांनी फेब्रुवारीत कायद्यावर सही केली. मार्चमध्ये ‘बोस्टन गॅझेट’ने या पट्ट्याला नखे आणि पंख काढून सॅलॅमँडर या प्राण्याचे रूप दिले. ‘गेरीमँडर’ हा शब्द तेव्हापासूनचा.

त्या वर्षीच्या सिनेट निवडणुकीत राज्यभरात फेडरलिस्टांना 51,766 मते पडली, जागा मिळाल्या 11. रिपब्लिकनांना 50,164 मते पडली आणि जागा मिळाल्या 29! त्याच वर्षी गेरी स्वतः मात्र राज्यपालपदाची निवडणूक हरले. कारण उघड आहे. राज्यपालपदासाठी सारे राज्य हाच एक मतदारसंघ होता. तेथे रेघ ओढावयास जागाच नव्हती.

येथवरची कथा सर्वश्रुत आहे. तिच्यामागची फारशी कोणी सांगत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या 1780 च्या राज्यघटनेनुसार सिनेटच्या जागांची वाटणी लोकसंख्येवर नव्हे, तर भरलेल्या करांच्या प्रमाणात होत असे. मताचा अधिकारही ठरावीक मालमत्ता असलेल्या पुरुषांपुरताच होता. म्हणजे सॅलॅमँडर जन्मला त्यापूर्वीच संपत्तीने आपला वाटा काढून घेतला होता! त्या विषमतेचे व्यंगचित्र कोणी काढले नाही, कारण ती नकाशावर दिसत नव्हती.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1964 साली अलाबामाच्या खटल्यात राज्य सिनेटचे मतदारसंघही लोकसंख्येने समान असले पाहिजेत, असा निर्णय दिला. तो मोलाचा होता. पण पुरेसा नव्हता. समान लोकसंख्येचे मतदारसंघही पक्षीय हेतूने कापता येतात, आणि 2019 साली त्याच न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी जाहीर केले की, अशा पक्षीय कापाकापीचा निवाडा करणे संघीय न्यायालयांचे काम नव्हे. आज हे काम संगणक करतो. त्याने आखलेला मतदारसंघ सुबक दिसूनही तितकाच अन्याय्य असू शकतो. म्हणून आकारावर हसून भागणार नाही. मते आणि जागा यांचे प्रमाण ताडून पाहिले पाहिजे.

कार्यकर्ते मतदारयाद्या तपासतात, घरोघर हिंडतात, मतमोजणीला रात्ररात्र जागतात. हे सारे आवश्यकच आहे. परंतु सीमांचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा किती जण तो उघडून वाचतात? निवडणुकीचे पहिले रणांगण तेच आहे आणि तेथील गैरहजेरी प्रचारसभांतील गर्दीने भरून निघत नाही.