फोटो दुरुस्त करा, लेकरू नको

पोस्ट जरा मोठी आहे. चूक माझी आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

मागच्या हिवाळ्यात तालुक्याच्या शालेय क्रीडा स्पर्धांची बातमी करायला गेलो होतो. जिल्हा परिषद शाळेतली पाचवीची एक मुलगी अनवाणी पळाली आणि दोनशे मीटरला पहिली आली. तिचं नाव इथे लिहीत नाही, गावही नाही. शेवटच्या दहा पावलांत मी मोबाइल वर केला आणि धडाधड चार फोटो काढले. एकही धड आला नाही. एकात पाय कापले गेले, एकात मध्येच सरांचा हात आला, एक पूर्ण हललेला. चौथा त्यातल्या त्यात बरा. त्यात तोंड उघडं, एक रिबीन सुटून खांद्यावर आलेली, ऊन पाठीमागून असल्याने चेहरा अंधारात. पण डोळे काय होते! आपण जिंकलोय हे तिला अजून कळलं नव्हतं, तेव्हाचे डोळे.

संध्याकाळी फ्लेक्सवाल्याचा फोन. कार्यकर्त्यांनी अभिनंदनाचा फ्लेक्स लावायचं ठरवलं होतं. "भाऊ, पोरीचा फोटो पाठवा, जरा चांगला बघून."

चांगला नव्हताच. मग मी तो चौथा फोटो एका फुकटातल्या ॲपमध्ये टाकला. एकच बटण. दहा सेकंदांत चेहरा लख्ख. मलाच भारी वाटलं. पाठवून दिला. फ्लेक्सवाल्याने त्याच्या सवयीने अजून थोडी सफाई केली. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडसमोर दहा बाय आठचा फ्लेक्स झळकला.

त्यानंतरच्या बाजाराला मी स्टँडसमोर चहा पीत होतो. एक म्हातारी बराच वेळ फ्लेक्सखाली उभी. मग माझ्याकडे आली. "दादा, आमच्या पोरीचा फोटू लागलाय म्हणं हितं. कुठंय?"

मी बोट दाखवलं. तिनं डोळ्यांवर हात धरून परत पाहिलं.

"ही न्हाई."

मी नाव वाचून दाखवलं, शाळेचं नाव वाचून दाखवलं.

"नाव तिचंच आसंल. पण ही आमची न्हाई. ही कुण्या सायबाची लेक दिसती."

आजीला वाचता येत नाही. पोरीचे आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले, ते उन्हाळा लागल्यावर येणार. तोवर पोरगी आजीपाशी. आजी नातीला कशानं ओळखते? लहानपणी उंबऱ्यावर पडली तेव्हा भुवईवर खोक पडली, तिचा वण आहे. समोरचा एक दात अर्धा तुटलाय. आणि उन्हातान्हातला तिचा तो रंग. ॲपला वण म्हणजे डाग वाटला, त्यानं पुसला. दात पूर्ण करून टाकला. रंग दोन-तीन पायऱ्या वर नेला. ज्या बाईसाठी फ्लेक्सवरची अक्षरं म्हणजे नुसत्या रेघा होत्या, तिला वाचता येईल असा एकच मजकूर होता, तो म्हणजे चेहरा. मी नेमकी त्यातच खाडाखोड केली होती.

आता मुद्द्यावर येतो.

लेकरांचे न सांगता, चालता-बोलता काढलेले फोटो बहुतेक वेळा बिघडलेलेच येतात. लेकरू थांबत नाही, उजेड आपल्या सोयीने पडत नाही. असा फोटो सुधारून घेण्यात काही गैर नाही. उलट शिकून घ्यावं असं ते काम आहे. फक्त एक फरक पक्का ध्यानात ठेवायचा. चूक कॅमेऱ्याची असेल, उजेडाची असेल, माझ्या हाताची असेल, तर ती दुरुस्त करायची. लेकराच्या अंगावर जे आहे ती चूक नाहीच. तिथे हात लावायचा नाही.

हे नुसतं तत्त्वज्ञान नको, म्हणून काय करता येतं तेही सांगतो. आमच्यासारख्या मोबाइलवाल्यांच्या उपयोगाचं आहे.

पाठीमागून ऊन असल्यामुळे चेहरा काळा पडला असेल तर तो बराचसा वर काढता येतो. एडिटिंगच्या ॲपमध्ये 'शॅडो' नावाची पट्टी असते, ती हळूहळू सरकवायची. सगळा फोटो उजळवायचा नाही, फक्त अंधार. थोडे दाणे दिसतील, दिसू द्या. पण उन्हात चेहऱ्याचा भाग पांढराफटक झाला असेल तर तो परत येत नाही, कारण तिथे कॅमेऱ्याने काही टिपलेलंच नसतं. म्हणून कडक उन्हात फोटो काढताना थोडा अंधाराकडे ठेवावा. अंधारातून काहीतरी निघतं, पांढऱ्यातून काही निघत नाही.

निळ्या ताडपत्रीखाली किंवा हिरव्या मांडवात काढलेल्या फोटोत सगळी लेकरं निळी-हिरवी दिसतात. तिथे रंगाचा तोल साधायला शाळेचा पांढरा शर्ट कामाला येतो. शर्ट पांढरा दिसेपर्यंत तोल बदलायचा, चेहरे आपोआप आपापल्या रंगावर येतात. एकीकडून ताडपत्री, दुसरीकडून ट्यूबलाइट असा घोळ असेल तर सरळ कृष्णधवल करून टाका. रंगाचं भांडणच मिटतं आणि नजर चेहऱ्यावर जाते.

मध्येच कुणाचा हात आला, कोपऱ्यात चप्पल आली, तर क्रॉप करा. हललेला फोटो मात्र खरा दुरुस्त होत नाही. जी ॲपं तो 'शार्प' करून देतात, ती तुमच्या फोटोतलं हरवलेलं परत आणत नाहीत. हजारो-लाखो दुसऱ्या चेहऱ्यांवरून शिकून, इथे असा डोळा असावा, असा दात असावा, असा अंदाज करून ते भरतात. म्हणजे तुमच्या पोराच्या तोंडावर कुणातरी तिऱ्हाइताचा सरासरी चेहरा बसतो. हललेला हात हललेलाच बरा. पळणाऱ्या पोरीचा हात हलणारच की.

आणि दोन साध्या गोष्टी. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो, बारकावे जातात. छपाईला द्यायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. जे काही करायचं ते प्रतीवर करा, मूळ फाइल जपून ठेवा. मोबाइलमध्ये 'ब्यूटी' चालू असेल तर ती आधी बंद करा. नाहीतर खाडाखोड फोटो निघण्याआधीच सुरू झालेली असते.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? जुने स्टुडिओवालेही निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून सुरकुत्या घालवायचेच की. बरोबर. पण त्याला तासभर लागायचा, आणि पेन्सिल चालवणारा माणूस समोरच्याला ओळखत असायचा. पाटलाच्या मुलाचा तीळ पुसायचा की नाही, हे तो विचारून घ्यायचा. बटण विचारत नाही. त्याला तीळ, वण, देवीचा व्रण, कपाळावरचं गोंदण, सगळं सारखंच वाटतं.

दुसरं, आईबापच म्हणतात, "जरा गोरा करा हो." हे खरं आहे. मी कित्येकदा ऐकलंय. पण पाचवीतल्या पोरीला गावाच्या मधोमध दहा बाय आठवर आपण काय सांगतो? तू पहिली आलीस हे ठीक, पण दाखवण्यासारखी तू नाहीस, म्हणून तुझ्या जागी ही दुसरी लावली. गोऱ्या रंगाच्या क्रीमवर लेख लिहिणारे आम्ही पत्रकार, तेच काम ॲपमध्ये बोटाने करतो आणि त्याला 'एन्हान्स' म्हणतो.

आमच्या धंद्यात याबाबत नियम आहेत. वृत्तछायाचित्रात उजेड-अंधार माफक सावरता येतो, क्रॉप करता येतो, पण काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पुलित्झर मिळालेल्या एका छायाचित्रकाराशी संबंध तोडले. का, तर सीरियातल्या युद्धाच्या एका फोटोच्या कोपऱ्यात दुसऱ्या पत्रकाराचा व्हिडिओ कॅमेरा दिसत होता, तो त्याने पुसला होता. माणूस नाही, चेहरा नाही, कोपऱ्यातला कॅमेरा. आणि मी अख्खा चेहरा बदलून रात्री निवांत झोपलो होतो.

वृत्तपत्रविद्येची पदविका करताना एक फोटो आम्हाला दाखवला होता, तो या आजीमुळे परत आठवला. डोरोथिया लँग या अमेरिकन छायाचित्रकार बाईने मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर काढलेला. 'मायग्रंट मदर' नावाने तो जगभर गेला. बत्तीस वर्षांची आई, कपाळावर आठ्या, हात गालाशी, मांडीवर तान्हं, दोन्ही खांद्यांना दोन लेकरं चिकटलेली. त्या दोघांनी तोंडं फिरवलेली आहेत, चेहरे दिसतच नाहीत. केस विस्कटलेले, कपडे फाटके. आजचं कुठलंही ॲप म्हणेल, फोटो फेल. लँगबाईंनी नंतर त्यात एकच गोष्ट पुसून घेतली. खालच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा आला होता, तो. तेवढ्यावरूनही त्यांचे वरिष्ठ नाराज झाले होते. लेकरांच्या विस्कटलेल्या केसांना मात्र कुणी हात लावला नाही. तिकडे वाटाणा, इकडे ऊस. तोडायला जाणाऱ्यांची लेकरं तीच.

एका ठिकाणी मात्र चेहरा पूर्ण झाकायचा असतो, आणि तिथे आपण हात आखडतो. अत्याचार झालेलं मूल असेल तर पोक्सो कायद्याचं कलम २३, आणि कायद्याच्या कचाट्यात सापडलेलं किंवा काळजी-संरक्षणाची गरज असलेलं मूल असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४. ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झालं, हा समज साफ चुकीचा आहे. लहान गावात गणवेश, घराचा दरवाजा, मागचं देऊळ एवढ्यावरून लेकरू ओळखू येतं. म्हणजे जिथे ओळख लपवायची तिथे आपण अर्धवट लपवतो, आणि जिथे लेकरू अभिमानाने दाखवायचं तिथे त्याची ओळख पुसतो. सगळं उलटं.

आणि विचारायचं कुणाला? मी त्या पोरीच्या आईबापाला विचारलंच नव्हतं. हेडमास्तरांनी "लावा की" म्हटलं, आमचं भागलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरलाय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितलीय. कायदा बाजूला ठेवा. फडावर फोन लावायला किती वेळ लागला असता? मुकादमाचा नंबर गावात सगळ्यांकडे आहे.

म्हणून आपल्या तालुक्यापुरती तीन मागण्या करतो. शाळांनी लेकरांचे फोटो बाहेर देताना आधी घरी विचारावं, आणि मूळ फोटो द्यावा. फ्लेक्सवाल्या मित्रांनी पार्श्वभूमी काय हवी ती बदलावी, नेत्यांचे चेहरे हवे तेवढे उजळावेत, त्यांची हरकत नसते. पण लेकरांचा रंग, दात, वण याला हात लावू नये. आणि आम्ही पत्रकारांनी बटणावरचं बोट काढावं.

माझ्यापुरतं सांगतो. मी त्याच रात्री मूळ फोटो परत काढला. चेहऱ्यावरचा अंधार तेवढा सावरला, कडेची गर्दी कापली, बाकी काही नाही. उघडं तोंड, तुटका दात, सुटलेली रिबीन, हललेले हात, सगळं तसंच. सहा बाय आठची प्रिंट काढून आजीकडे नेली. आजीने फोटो हातात घेतला आणि पहिल्यांदा भुवईवर बोट ठेवलं. मग पोरीला म्हणाली, "रिबीन नीट बांधायला काय झालं होतं गं तुला?"

तोच फोटो मुकादमाच्या नंबरवर पाठवला, आधी फोन करून, विचारून. रात्री उशिरा पोरीच्या आईचा फोन आला. जवळच कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता, नीट ऐकू येत नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "दादा, अनवाणीच पळाली व्हय?"

फ्लेक्स पुढे महिनाभर होता. उतरवला तेव्हा कुणीतरी आजीला नेऊन दिला. आता तो शेळ्यांच्या छपरावर पावसासाठी टाकलाय.

बाजाराच्या दिवशी दुपारी मी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर असतो. कुणाकडे लेकराचा बिघडलेला पण जपावासा वाटणारा फोटो असेल तर घेऊन या. जेवढा उजेड काढता येईल तेवढा काढून देतो. पैसे नकोत. गोरा मात्र करून मिळणार नाही.