म्हैस संपत नाही म्हणणाऱ्यांनो

परवा फिलिपिन्समधल्या तामारावचा फोटो टाकला होता. मिंदोरो बेटावरची रानम्हैस, उंची जेमतेम साडेतीन फूट. आता काहीशेच उरल्यात असं लिहिलं, तर खाली कमेंट आली, "म्हैस कधी संपती का? चाकणच्या बाजारात चला, दाखवतो."

बाजारातली म्हैस वेगळी नि रानातली वेगळी. २०१९ च्या पशुगणनेत देशात जवळपास ११ कोटी म्हशी मोजल्या. रानम्हशी जगात चार हजारांच्या आत, त्यातल्या बहुतेक आसामात. आपल्या राज्यात फक्त गडचिरोलीत, कोलामार्काच्या रानात मोजक्या. २०१३ ला तिथं संवर्धन राखीव क्षेत्र केलं. (गवा वेगळा बरं का. २०२० ला कोथरूडात गर्दीनं पळवून ज्याचा जीव गेला, तो गवा होता.)

शिकार आहे, रान तोडणं आहे, कबूल. पण आपल्या दावणीचं कुणी बोलत नाही. रानात चरायला सोडलेली म्हैस रानरेड्याला लागते, दोन-चार पिढ्यांत अस्सल वाण जातो. वर रोग. तामाराव १९०० च्या सुमाराला दहा हजार होते म्हणतात. १९३० च्या दशकात पाळीव गुरांची बुळकांडी त्यांच्यात शिरली. शिकार नि रान साफ करणं चालूच होतं. १९६९ पर्यंत शंभरसुद्धा राहिले नाहीत. बुळकांडी म्हणजे काय ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. लसीनंच ती २०११ ला जगातून गेली.

"आपण शिरूर-दौंडचे, इथं कुठं रानम्हैस?" नाही. पण माळावर लांडगा आहे ना? पुणे जिल्ह्यात लांडगा नि कुत्र्याचा संकर जनुकीय तपासणीत निघालाय. आपण मोकाट सोडलेल्या कुत्र्यांचाच हा प्रताप. म्हशीचं तिकडं जे झालं, तेच इथं लांडग्याचं चाललंय, आणि आपण उसातल्या बिबट्यावर गप्पा मारतोय.

लाळ्या-खुरकूताची लस सरकार फुकट देतंय. तरी लसवाले आले की "दूध तुटतं" म्हणून गोठ्याला कडी लावून लोक शेतात पळतात. दोन-चार दिवस दूध कमी येतं, येऊ द्या की. खुरकूत आली तर अख्खं वेत जातं. आणि दारातल्या कुत्र्यालाही लस टोचून घ्या, नसबंदी करा, रात्री बांधा.